सोमीचा राग

बुद्धाचं नाव घेणाऱ्याने रागवायचं नसतं, असं मला आजवर निदान पन्नास जणांनी सांगितलं असेल. सांगणारे सगळे पंख्याखाली बसलेले होते. सोमी भेटली नसती तर मीही तेच घोकत राहिले असते आणि स्वतःला फार पोहोचलेली समजले असते. तिच्याबद्दल मी रागातच लिहिणार आहे. शांतपणे लिहायला बसले की माझी स्वतःची बाजू आपोआप बरी दिसायला लागते, हे मी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा कागद फाडले.

मी प्राजक्ता. जन्म भिवंडीतला, वडील लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. शहराबाहेर वळ गावाच्या पट्ट्यात ऑनलाइन मालाचं एक गोदाम आहे, तिथे मी अडीच वर्षं ऑफिसचं काम केलं. हजेरी, गेटपास, किल्ल्या, सगळं माझ्या टेबलावर. आम्ही घरचे बौद्ध. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा वस्तीतल्या विहाराच्या कमिटीचे तिघे जण तांब्याभर पाणी आणि पांढरा दोरा घेऊन आले, आणि घराला काही बाधा असेल तर तीन दिवसांच्या पठणाने निघून जाईल म्हणाले. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी त्यांना चहासुद्धा न विचारता दाराबाहेर काढलं. आईने त्याबद्दल मला माफ केलं नाही, आणि महिन्याभरात ती गेली. त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच विहाराच्या दारात पाऊल टाकलं नाही.

मग दिनेशने शेलार गावच्या बाळारामभाऊंच्या बैठकीबद्दल सांगितलं. दिनेश आमच्या गोदामाला टेम्पो लावतो, कमी बोलणारा माणूस आहे. म्हणाला, तिथे कोणी काही मागत नाही, एकदा बघून ये.

बाळारामभाऊ आगरी, साठीचे. त्यांच्या बापाने ज्या जमिनीत भात लावला ती बहुतेक सगळी आता गोदामांखाली आहे, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांचा बारा लूमचा कारखाना. पुतण्याच्या हळदीत, डीजे वाजत असताना, जमिनीच्या जुन्या वादावरून त्यांनी सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. भाऊ वाचला, पण हे स्वतःलाच घाबरले. कुठल्याशा शिबिरात दहा दिवस तोंड बंद ठेवून बसून आले, आणि घरी एकट्याने बसवेना म्हणून माणसं जमवायला लागले. घरात गणपती, गावदेवी, सगळं चालू आहे. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणतात, "देव देवाच्या जागंवर हाय. माझा हात मात्र मलाच आवराचा हाय."

बैठक शुक्रवारी संध्याकाळी भरते, कारण शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. बाकीचे सहा दिवस त्या कारखान्यात शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. लूमच्या दोन ओळींमधल्या वाटेत चटया टाकायच्या आणि अर्धा तास श्वासावर लक्ष ठेवून बसायचं. मूर्ती नाही, अगरबत्ती नाही, पुढच्या जन्माची बात नाही. मग पाच शीलं साध्या मराठीत म्हणायची: जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, कुणाच्या देहाशी वाईट वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. आणि शेवटी एकेकाने सांगायचं की या आठवड्यात त्यातलं कोणतं मोडलं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, 'चालायचंच' असंही म्हणायचं नाही. हा नियम भाऊंचा, आणि तो कडक होता. आम्ही दहा-बारा जण असायचो. आई गेल्यानंतर पहिल्यांदा मला तिथे आपली माणसं सापडल्यासारखं वाटलं.

तिथे मी सोमीला नेलं.

सोमी पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, वारली. वय तिलाही माहीत नाही. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, म्हणजे कुणीतरी अंदाजाने टाकलेलं. सकाळी पाऊण तास उतरून हायवेला यायची, तिथून कंपनीची बस. लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात काय आहे हे सगळं तिच्या डोक्यात. बारावी झालेल्या पोरी स्कॅनर हातात घेऊन कप्पा शोधत फिरायच्या तोवर ही माल टाकून परत आलेली असायची. एकदा राकेश मुकादमाने पाणी प्यायला थांबलेल्या एका बाईला मानेला धरून ढकललं. सोमीने हातातला खोका नीट खाली ठेवला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. प्रकरण माझ्या टेबलावर आलं. मी ते मिटवलं, आणि वर तिला शहाणपण शिकवलं की राग आवरायला शीक, शुक्रवारी माझ्याबरोबर चल. मी तिला शांत करायला नेलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहिल्याच दिवशी ती अर्धा तास जराही न हलता बसली. आम्ही सगळे महिनोन्महिने मांड्या बदलत होतो. भाऊंनी कौतुकाने विचारलं तर म्हणाली, खेकड्याच्या बिळापाशी बसलं की हलायचं नसतंच, त्यात शिकायचं काय. मग तिने विचारलं, हा तुमचा बुद्ध काय मागतो? कोंबडी, नारळ, काय? भाऊ म्हणाले, काही नाही. "मंग बरा हाय," सोमी म्हणाली. तिचे वारली देव, हिरवादेव आणि कणसरी, रानात होते तिथेच राहिले. त्यांना सोड असं तिला कुणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

कबुलीची पाळी आली की ती सरळ सांगायची. राकेशला शिव्या दिल्या, रोज दिल्या, पुढच्या आठवड्यातही देणार आहे. एकदा तर भाऊंनाही हसू आवरलं नाही. पण एका शुक्रवारी तिने धाकट्या बहिणीचं सांगितलं. काशीला पहिल्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, आणि पाड्याला रस्ता नाही. चादरीची डोली केली, चौघे तयार झाले, सोमी पुढच्या खांद्याला. ओढ्याला पाणी होतं. मोठी माणसं म्हणाली थांबा, उतरू दे. थांबले. सडकेला पोचून डोली खाली ठेवली तेव्हा काशी गेलेली होती, कधी गेली ते कुणाला कळलंच नाही. सोमी म्हणाली, "पयला शील मोडला. मी थांबली." नियमाप्रमाणे कुणी काही बोललं नाही. मी मात्र मनात म्हणाले की या बाईला स्वतःला दोष द्यायची सवय आहे, तिला त्यातून बाहेर काढायला हवं. केवढी मी शहाणी.

आता गोदामाचं. पत्र्याची लांबच लांब शेड. पुढे गेट, तपासणीचं यंत्र आणि ऑफिस. मागे माल चढवायचा डॉक आणि त्याला एक शटर. माल मागून पळवला जातो असा मॅनेजर देवेश सरांना संशय होता, म्हणून त्यांनी मागच्या शटरला कुलूप लावायचा हुकूम काढला. रोज सकाळी सव्वानऊला बायका आत गेल्या की मी जाऊन ते कुलूप लावायचे आणि किल्ली आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. टेम्पो भरायचा असला की उघडायचे, परत लावायचे. आत चाळीस बायका. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. आठवड्यातून एक संध्याकाळ मी डोळे मिटून श्वास बघत होते आणि आठवड्याचे सहा दिवस चाळीस माणसांना कोंडत होते. त्यात कंपनी दुपारी तीनला लाउडस्पीकरवर एका बाईचा मुलायम आवाज लावायची: खोल श्वास घ्या, ताण सोडून द्या. दोन मिनिटं. त्या पत्र्याखाली कुणी कसला खोल श्वास घ्यायचा, हे त्या बाईला कुणी सांगितलं नसावं.

भादव्यातलं ऊन होतं आणि दसऱ्याच्या सेलचं काम चाललं होतं. मनाली नावाची पोरगी सातव्या महिन्यात होती, तरी येत होती. दुपारी दोनच्या सुमाराला ती अगदी मागच्या रॅकपाशी कोसळली. पुढचं गेट दोनशे पावलांवर आणि तिथे तपासणीची रांग. मागचं शटर दहा पावलांवर आणि त्याला माझं कुलूप. सोमी ऑफिसकडे धावली. मी नव्हते, देवेश सरांच्या मीटिंगला शेजारच्या इमारतीत होते, फोन दाराबाहेर टोपलीत जमा केलेला. ड्रॉवर बंद. कुणीतरी म्हणालं, थांबा जरा, मॅडम येतीलच. सोमी थांबली नाही. डॉकवरची पहार उचलली आणि दोन घावांत कुलूप फोडलं. बाहेर दिनेशचा टेम्पो लागलेला होता, त्याने मनालीला दवाखान्यात पोचवलं. मी धावत आले तेव्हा शटर वर गेलेलं होतं आणि सोमीच्या हातात पहार होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आणखी अर्धा तास गेला असता तर आई आणि मूल, दोघांचंही काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी. ती कशाची, तर कुलूप कोणी तोडलं याची. मागचा कॅमेरा आठवडाभर बंद होता, म्हणून देवेश सरांनी एकेकीला आत बोलावलं. एकूणएक बायका म्हणाल्या, आम्ही पाहिलं नाही. मनालीची सख्खी जाऊसुद्धा तेच म्हणाली. त्यांनी आपसात ठरवलं होतं आणि एकही फुटली नाही. मग सरांनी मला बोलावलं. देवेश सर कधी आवाज चढवत नाहीत. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, म्हणाले, प्राजक्ता, तू शिकलेली आहेस, तुझ्याकडून मला खरं अपेक्षित आहे, फाइल बंद करायची आहे फक्त.

आणि मी खरं सांगितलं. सोमीने तोडलं म्हणाले.

भीतीपोटी सांगितलं असतं तर मला स्वतःची एवढी किळस आली नसती. मी अभिमानाने सांगितलं. चौथं शील मी अकरा आठवडे मोडलं नव्हतं, कॅलेंडरवर खुणा करत होते. त्यांनी जेवढं विचारलं तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं आणि स्वच्छ मनाने बाहेर आले. दुपारी तीनला सोमीचा गेटपास बंद झाला. तो मीच बंद केला, माझ्याच कॉम्प्युटरवरून. राकेश मुकादम या पट्ट्यातल्या बहुतेक गोदामांना माणसं पुरवतो. त्याने तिचं नाव आणि फोटो सगळीकडे पाठवून दिला. पुढे ती ज्या ज्या गेटवर गेली तिथे तिचा चेहरा बघून तिला परत पाठवलं. घरी नवरा, बारक्या, गुडघ्याने अधू झालेला, दोन पोरं शाळेत. पाड्यावर त्या दिवसांत कुणाकडे काम नसतं. ती गवत कापायला जायची, कधी ते मिळायचं, कधी नाही.

त्या शुक्रवारी मला वाटलं ती येणार नाही. ती आली. माझ्या समोरच्या चटईवर बसली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, या आठवड्यात एकही शील मोडलं नाही. ती म्हणाली, "राग हाय." एवढंच. नियम असा की कुणी विचारायचं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही. कामावरून काढलेली ती बाई डोंगर उतरून, मिळेल त्या वाहनाने शेलारला यायची, समोर बसायची आणि 'राग हाय' म्हणून परत जायची. दिनेशला सगळं माहीत होतं. तो मान खाली घालून बायकोवर ओरडल्याचं सांगायचा. भाऊंनाही माहीत होतं, सगळ्या पट्ट्यात बोभाटा झाला होता. आम्ही सगळे शहाण्यासारखे श्वास बघत होतो. त्या शांततेची मला आता चीड येते. खरं तर तेव्हाही येत होती, पण ती सोमीवर येत होती. मला वाटायचं, ही मला छळायला येते.

पाचव्या शुक्रवारी भाऊंनी ठाण्याहून एका साहेबांना बोलावलं. पांढरा कुर्ता, मोबाइलवर ध्यान शिकवतात, हजारो लोक ऐकतात म्हणे. भाऊंचा हेतू चांगला होता. बैठकीत काहीतरी सडतंय हे त्यांना जाणवत होतं आणि स्वतः बोलायचं धाडस नव्हतं. सोमी 'राग हाय' म्हणाली तेव्हा साहेबांना नियम माहीत नव्हता, किंवा तो आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटलं. ते प्रेमळ आवाजात सुरू झाले. ताई, ज्याने तुम्हाला दुखावलं त्याला गुरू माना. राग तुमचा आहे, तो तुम्हीच धरून ठेवलाय. सोडून बघा, किती हलकं वाटेल. त्या लाउडस्पीकरवरच्या बाईचा आणि यांचा आवाज एकाच दुकानातून आणलेला असावा.

सोमीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, साहेब, तुम्ही आत असताना तुमच्या हापिसाला कोणी बाहेरून कुलूप लावतं का? साहेब म्हणाले, हा विषय वेगळा आहे. आपण आतल्या गोष्टींबद्दल बोलतोय.

"मी पन आतल्याच गोष्टी बोलतंय," सोमी म्हणाली. आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे वळली. बैठकीत मला सगळे ताई म्हणत, तीही म्हणायची. त्या दिवशी तिने मॅडम म्हटलं.

"मॅडम, तू खरा बोललीस. कुलूप कोनी फोडला, ता सांगितला. कुलूप कोनी लावला, ता कवा सांगशील?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. देवेश सरांनी ते विचारलंच नव्हतं, असं मी म्हणणार होते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं आणि ते केवढं घाणेरडं वाक्य आहे हे मला तेव्हा कळलं. कुणीच विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून मी निर्मळ. अकरा आठवड्यांच्या त्या खुणा. त्या बायका सगळ्या मिळून खोटं बोलल्या होत्या आणि त्यांच्यातली एकही माझ्याइतकी खोटी नव्हती.

मला रडू फुटलं, पण सोमीला माझ्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत बसली. आणि मग बाळारामभाऊ बोलले, मान वर न करता. "ता गोदाम माझ्या जागंवर हाय," ते म्हणाले. "कागदावर माझी सही हाय. पाच आठवडं मी ह्या बाईला समोर बसवून डोले मिटतंय. नियम माझाच ना, कोनी बोलाचा न्हाय. बरा नियम केला मी माझ्यासाठी."

साहेब म्हणाले, आपण भावनेच्या भरात वाहून जातोय, जरा श्वासाकडे येऊ. दिनेशने त्यांच्या चपला आणून दारात ठेवल्या. साहेब समजूतदार होते, गेले.

सोमवारी सकाळी आम्ही गोदामाच्या गेटवर गेलो. भाऊ, दिनेश, बैठकीतले आणखी चौघे, सोमी आणि मी. भाऊंनी त्या दिवशी लूम बंद ठेवले होते, दिवाळीच्या तोंडावर, हे इथल्या माणसालाच कळेल केवढं आहे ते. बायका रांगेत उभ्या होत्या, मागे ट्रक लागलेले. देवेश सर बाहेर आले, भाऊंना ओळखत होते, काका आत बसून बोलू म्हणाले. भाऊ म्हणाले, इथंच बरं आहे.

मी घडलेलं सगळं लिहून त्याच्या दोन प्रती आणल्या होत्या. एक तिथे द्यायला आणि एक सरकारी कामगार कार्यालयात. पण कागद वाचून दाखवायचा माझ्यात दम नव्हता, म्हणून मी तोंडानेच सांगितलं, सगळ्या बायकांसमोर. मागच्या शटरला कुलूप लावायचा हुकूम देवेश सरांचा होता. रोज सव्वानऊला कुलूप मी लावायचे. मनाली पडली तेव्हा किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती आणि मी जागेवर नव्हते. सोमीने कुलूप तोडलं नसतं तर त्या दिवशी दोन जीव गेले असते, आणि ते मी घेतले असते. देवेश सर मोबाइलकडे बघत होते. ते म्हणाले, प्राजक्ता, हे तू रागात बोलतेयस. हो, म्हणाले मी, रागातच बोलतेय.

मग रांगेतून मनालीची जाऊ पुढे आली. म्हणाली, मीपण पाहिलं होतं. आम्हाला कोंडतात ते रोजच पाहतो. तिच्यामागची म्हणाली, मीपण. मग पुढची. एकही घोषणा नाही, आरडाओरडा नाही, एकेक बाई नाव सांगून बोलत होती आणि रांग आत सरकत नव्हती. ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. भाऊ गेटच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही, जागा त्यांची आणि गावही त्यांचं. साडेअकराला वरून फोन आला असावा. बाराच्या आत मागच्या शटरचं कुलूप निघालं आणि सोमीचा गेटपास चालू झाला. माझ्या जागी बसवलेल्या नव्या पोराने तो चालू केला, कारण मला तोवर टेबलावरून उठवलेलं होतं. विश्वास राहिला नाही, असं पत्रात लिहिलंय. ते मात्र खरं आहे, कुणीच ठेवू नये असं मी वागले होते.

कुणी याला विजय म्हटलं तर मला तिडीक येते. देवेश सरांना शिक्षा झाली नाही, त्यांना याहून मोठं गोदाम मिळालं. राकेश अजून मुकादम आहे. त्या एका शटरचं कुलूप निघालं. शेजारच्या शेडींना किती कुलपं आहेत ते मला माहीत आहे, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहेत. त्यांच्यातल्याही काही जणी संध्याकाळी डोळे मिटून बसत असतील.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी मी शेवटचं जायचं असं ठरवून गेले. अर्धा तास बसलो. बाजूला लूम गप्प होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, दोन वर्षं माणसांना कोंडलं, आणि ते लपवलं. यात किती शीलं मोडली ते मला मोजता येत नाही. भाऊंनी नियम बदलला नव्हता, फक्त शेवटी एक वाक्य वाढवलं होतं: कुणाला कुणाशी बोलायचं असेल तर आता बोला. सोमी नेहमीसारखं 'राग हाय' म्हणाली आणि उठली.

बाहेर ती चपला घालत होती तेव्हा मी तिला गाठलं. माफी मागायची हिंमत नव्हती, ती मागून मलाच हलकं वाटलं असतं. मी एवढंच म्हणाले की पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही, माझं तोंड बघून तुला त्रास होतो, ही जागा आता तुझी आहे, तू ये.

तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहार हातात घेऊन बघितलं होतं त्याहून बराच वेळ.

"राग गेला न्हाय माझा," ती म्हणाली. "येवढ्यात जायाचा पन न्हाय. पर तू ये. तू न्हाय आलीस त मी कोनावर राग धरून बसू? भिंतीवर?"

दिनेशने टेम्पो चालू केला होता. ती पुढच्या सीटवर चढून बसली आणि पडघ्याकडे निघून गेली. पुढच्या शुक्रवारी मी गेले.